कॉलेजच्या रेडिओसाठी कार्यक्रम कसा भरवायचा आणि पैसे कसे उभे करायचे

स्टेशनवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला माइकसमोर बसायचं असतं, आणि तसं वाटायलाच हवं. पण कार्यक्रम भरवणं आणि निधी जमवणं ही कामं बहुधा दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींवर अचानक येऊन पडतात. आधीची बॅच पास होऊन गेलेली असते, फाइल सापडत नाही, आणि केंद्रप्रमुख सर किंवा मॅडम म्हणतात, "यंदा काहीतरी करा." हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', मुंबई विद्यापीठाचा 'मस्ट रेडिओ', बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' यांच्यासारखी, कम्युनिटी रेडिओच्या परवान्यावर शिक्षणसंस्थेच्या आवारातून चालणारी स्टेशनं डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. तुमचा रेडिओ फक्त इंटरनेटवर असेल, तर परवान्याचा भाग सोडून द्या. पैशांचा भाग तुम्हालाही तितकाच लागू आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं: श्रोता आधी, पैसा त्याच्या मागून. ज्या कार्यक्रमातून चार लोक तुमचं स्टेशन लावायला लागत नाहीत, त्यातून आलेले पैसे एकदाच येतात. म्हणून कार्यक्रम ठरवताना पहिला प्रश्न "किती जमतील?" हा नसावा. "यातलं काय काय आपल्याला प्रसारित करता येईल?" हा असावा.

पहिली पायरी: परवाना वाचा

माहिती आणि प्रसारण मंत्रालयाबरोबर तुमच्या संस्थेने केलेला करार कार्यालयात असतो. तो मागून घ्या आणि दोघांनी बसून वाचा. कंटाळवाणा आहे, पण निधीचं निम्मं काम तिथेच ठरतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००२च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचा रेडिओ चालवायला मोकळीक दिली, २००४मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून 'अण्णा एफएम' सुरू झालं आणि २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही हे दार उघडलं. ही सगळी रेडिओ केंद्रं नफ्यासाठी नाहीत, या अटीवर चालतात. पैशांबाबतचे नियम त्या अटीतूनच आले आहेत.

त्यातले तुमच्या रोजच्या कामाचे नियम असे. परवाना संस्थेच्या नावाने असतो, विद्यार्थी मंडळाच्या नावाने नाही. जाहिरातींना तासाला १२ मिनिटं मिळतात. ही मर्यादा आधी ५ मिनिटं होती, मग ७ झाली आणि फेब्रुवारी २०२४च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी १२वर गेली. प्रायोजित कार्यक्रम चालत नाहीत. अपवाद फक्त केंद्र व राज्य सरकारांचे आणि इतर संस्थांचे लोकहिताची माहिती देणारे कार्यक्रम. म्हणजे गावातल्या सराफांची जाहिरात तुम्ही लावू शकता, पण तुमच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला त्यांचं नाव जोडून 'अमुक सराफ प्रस्तुत' म्हणू शकत नाही. नव्या मुलांची इथेच गफलत होते, कारण खासगी एफएमवर ते दिवसरात्र तेच ऐकत आलेले असतात. जाहिरातींतून आलेला पैसा स्टेशनच्या खर्चालाच वापरायचा असतो. सगळे खर्च भागून काही उरलंच, तर ते संस्थेच्या दुसऱ्या कामाला वळवण्याआधी मंत्रालयाची लेखी परवानगी लागते. आणि स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, एवढंच. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत निधीसाठी उमेदवारांची चर्चा भरवायची कल्पना कुणी मांडली, तर ती तिथेच थांबवा.

दुसरी पायरी: वर्षाचा खर्च एका कागदावर

पैसे मागायला निघण्याआधी किती लागतात हे माहीत हवं. वीज, ट्रान्समीटरची देखभाल, यूपीएसच्या बॅटऱ्या, माइक आणि केबल, लहरींच्या वापराचं सरकारी शुल्क, इंटरनेट, बाहेर रेकॉर्डिंगला जायचा प्रवासखर्च, पाहुण्यांचा चहा, असेल तर समन्वयकाचं मानधन. प्रत्येक बाबीसमोर दोन रकाने करा: हे कॉलेज देतं, हे आपण उभं करायचं. बहुतेक ठिकाणी वीज, जागा आणि पगार संस्था उचलते. मोडलेल्या वस्तू, नव्या वस्तू आणि प्रवास लोंबकळत राहतो. तुमच्या निधीचं खरं काम तेवढंच आहे, आणि ती रक्कम दिसते त्याहून लहान निघते. हे कळलं की धीर येतो.

मग त्यातून तीन वस्तू निवडा, ज्या एखाद्या श्रोत्याला एका वाक्यात सांगता येतील. 'पायाभूत सुविधांसाठी निधी' कुणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. 'गावोगावी रेकॉर्डिंगला न्यायचा छोटा रेकॉर्डर' उभा राहतो.

तिसरी पायरी: पैसा कुठून येऊ शकतो

जाहिरातींचं गणित आधी करू. सरकारी जाहिरातींसाठी कम्युनिटी रेडिओला दहा सेकंदांना ७४ रुपये दर आहे, २०२४पूर्वी तो ५२ होता. तासाच्या १२ मिनिटांत दहा सेकंदांच्या ७२ जाहिराती बसतात, म्हणजे सगळी वेळ भरली तरी तासाला ५,३२८ रुपये. प्रत्यक्षात ती भरत नाही, आणि भरूही नये. कॉलेजच्या रेडिओवर दर पाच मिनिटांनी एक मिनिट जाहिरात ऐकायला कोण थांबेल?

गावातले दुकानदार हा जास्त भरवशाचा मार्ग. १०० वॉटच्या प्रसारणाची झेप साधारण दहा-पंधरा किलोमीटरची असते. मोठ्या कंपनीला त्यात रस नाही, पण मेसवाल्या काकूंना, झेरॉक्सवाल्यांना, शिकवणीच्या क्लासला, दंतवैद्यांना नेमके तेच दहा किलोमीटर हवे असतात. त्यांच्याकडे दरपत्रक घेऊन जाऊ नका, तयार जाहिरात घेऊन जा. वीस सेकंदांची, त्यांच्या दुकानाचं नाव घेणारी, तुमच्याच आवाजात केलेली. मोबाइलवर ऐकवा. स्वतःचं नाव रेडिओच्या आवाजात ऐकल्यावर माणूस ज्या तऱ्हेने ऐकतो, ते दरपत्रकाने होत नाही. महिन्याचा एक ठरलेला सोपा दर ठेवा आणि पावती संस्थेची द्या.

माजी विद्यार्थी हा तिसरा स्रोत. ज्यांनी याच स्टुडिओत पहिल्यांदा 'नमस्कार, आपण ऐकत आहात' म्हटलं, ते आज कुठेतरी नोकरी करत असतात आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. त्यांची यादी करा. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. परदेशात राहणारा माजी विद्यार्थी अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परदेशी देणगी होते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. संस्थेची नोंदणी नसेल, तर त्या दादांना किंवा ताईंना आदराने सांगा की पैसे नकोत, एक मुलाखत द्या. न्यू जर्सीतून दिलेली अर्ध्या तासाची मुलाखत तुमच्या श्रोत्यांना आवडेल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं नाव सगळे घेतात. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. मात्र तो पैसा घेणाऱ्या संस्थेची आयकर खात्याकडे आणि कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी लागते. तेव्हा हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करायचं नाही, संस्थेच्या कार्यालयाबरोबर करायचं. प्रस्ताव 'रेडिओला मदत करा' असा न लिहिता 'आशाताईंबरोबर बाळंतिणींच्या आहारावर २६ भागांची मालिका' असा लिहा. कामाला पैसे मिळतात, स्टेशन त्या कामातून चालतं.

आणि शेवटी श्रोते. रक्कम म्हणून हा वाटा सर्वांत लहान असेल, तरी मी त्याला सर्वांत वर ठेवेन. न्यू जर्सीत 'डब्ल्यूएफएमयू' नावाचं स्टेशन आहे. १९५८ साली ते उप्साला कॉलेजचं विद्यार्थी स्टेशन म्हणून सुरू झालं. १९९५मध्ये ते कॉलेजच बंद पडलं. स्टेशन मात्र आजही चालू आहे, जाहिराती न घेता, कारण दर वर्षी काही दिवस ते श्रोत्यांकडे थेट पैसे मागतात आणि श्रोते देतात. तिथले कायदे वेगळे आहेत, देण्याची सवय वेगळी आहे, ती पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. पण संस्था बंद पडल्यावरही टिकेल एवढं नातं रेडिओ लोकांशी जोडू शकतो, याचा तो पुरावा आहे.

एक मार्ग मात्र बंदच समजा. बक्षिसांची सोडत काढून तिची तिकिटं विकणं. परदेशी स्टेशनं ते करताना दिसतात. आपल्याकडे खासगी लॉटरी गुन्हा ठरू शकते.

चौथी पायरी: कार्यक्रम निवडणं

पहिल्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणि नावाजलेला गायक या वाटेला जाऊ नका. आगाऊ रक्कम, मोठी ध्वनिव्यवस्था, पोलिस बंदोबस्त, आणि तिकिटं खपली नाहीत तर सगळा बोजा कॉलेजवर. शिवाय तो कार्यक्रम कुणालाही करता येतो. तुमच्या रेडिओचं त्यात काय?

त्याऐवजी नभोनाट्याचा प्रयोग प्रेक्षकांसमोर करा. हा माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम आहे आणि तो स्वस्तात होतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन श्रुतिका. रंगमंचावर चार माइक, हातात संहिता घेतलेले कलाकार, आणि बाजूला पूर्ण उजेडात ध्वनिपरिणामांचं टेबल. घोड्याच्या टापांना नारळाच्या दोन करवंट्या, ढगांच्या गडगडाटाला पातळ पत्रा, पावसाला सुपात फिरवलेली डाळ, जाळाला माइकजवळ चुरगळलेला चकचकीत कागद, पावलांना खडी भरलेलं ताट. प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसतं की पाऊस सुपातून पडतो आहे, आणि तरी कानांना तो पाऊसच वाटतो. मध्यंतरात लहान मुलांना त्या टेबलापाशी येऊ द्या. त्यांना तिथून हलवणं कठीण जाईल, आणि त्यांचे आईवडील तुमचं स्टेशन घरी लावतील.

संहिता स्वतः लिहा. छापील नाटक घेतलंत तर लेखकाची परवानगी आणि मानधन आलं. तुमच्या गावातला पूर, बंद पडलेली गिरणी, एसटी स्टँडवरची एक रात्र, असं काही निवडा. प्रयोग रेकॉर्ड झाला की दोन भाग प्रसारणाला तयार होतात, आणि ज्यांनी तिकीट काढलं ते आपल्या टाळ्या ऐकायला रेडिओ लावतात.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे सशुल्क कार्यशाळा. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मुलांसाठी चार दिवसांची: उच्चार, वाचन, मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी मुलांनीच केलेला अर्ध्या तासाचा कार्यक्रम. स्टुडिओ तुमचा, शिकवणारे तुम्ही. खर्च खाऊचा आणि छापील कागदांचा. निव्वळ शिल्लक पाहिली तर भल्यामोठ्या जलशापेक्षा ही कार्यशाळा पुढे जाते. फक्त एका गटात बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं घेऊ नका, प्रत्येकाला माइक मिळायला हवा.

१३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन. त्या निमित्ताने श्रोत्यांच्या घरचे जुने रेडिओ मागून घेऊन प्रदर्शन भरवता येतं. व्हॉल्व्हचे लाकडी पेटीतले संच, खिशातले ट्रान्झिस्टर, आणि पूर्वी रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून काढावा लागे तो परवाना कुणाच्या कपाटात निघाला तर तोही. प्रत्येक वस्तूच्या मालकाची पाच मिनिटांची आठवण रेकॉर्ड करून ठेवा, महिनाभराचे कार्यक्रम मिळतात. वस्तू घेताना मालकाला लेखी पोच द्या. जुने संच विजेला जोडू नका, जाणकार तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय अजिबात नाही.

दिवाळी पहाट करायचा मोह होतो. गावात प्रेक्षक असतो हे खरं, पण तुमची अर्धी टीम त्या दिवशी आपापल्या घरी असते. स्थानिक मुलंमुली पुरेशी असतील तरच हात घाला.

पाचवी पायरी: तारीख आणि परवानग्या

तारीख काढताना कॉलेजचं वेळापत्रक, गणपती-नवरात्र आणि स्नेहसंमेलन आधी खोडून टाका. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते. तुमचं कॉलेज परीक्षाकेंद्र असेल तर आवार मिळणार नाही, हे प्राचार्यांना डिसेंबरातच विचारा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा ऑगस्टची सुरुवात मला बरी वाटते.

परवानग्यांचं काम दोन महिने आधी सुरू करा. प्राचार्यांचं लेखी पत्र सर्वांत पहिलं, कारण पुढचे सगळे अर्ज संस्थेच्या नावाने जातात. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. कार्यक्रम साडेआठला संपेल असाच आखा. लोकांसाठी नाट्यप्रयोग करायचा तर संहिता महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. हे नव्या मुलांना ठाऊक नसतं आणि ऐन वेळी धावपळ होते. म्हणून संहिता आधी पुरी करा.

गाण्यांचं काय? कॉलेजातल्या मुलांनी कॉलेजच्याच लोकांपुढे आणि पालकांपुढे रेकॉर्डवरची गाणी वाजवली, तर कॉपीराइट कायद्यात त्याला सवलत आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत की ती सवलत संपते, मग गीतकार-संगीतकारांच्या 'आयपीआरएस' या संस्थेचा आणि ध्वनिमुद्रणांच्या हक्कधारकांचा परवाना पाहावा लागतो. मंचावरच्या वापराचा परवाना आणि प्रसारणाचे हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचारा. सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या मुलामुलींनी रचलेलं संगीत आणि पारंपरिक रचना: ओव्या, भारूड, अभंग. तुमच्या भागातल्या जात्यावरच्या ओव्या गाणारी आजी मंचावर आली, तर ती ध्वनिफीत तुमच्या संग्रहातली सर्वांत मोलाची ठरेल. तिची परवानगी मात्र नीट समजावून, लिहून घ्या आणि तिला मानधन द्या.

निधी गोळा करण्याबद्दलही एक कायदा आहे. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं ती काढतात. तुम्ही विद्यार्थी गट म्हणून पावतीपुस्तक छापू नका. संस्थेच्याच पावत्या वापरा, म्हणजे हा प्रश्न उभा राहत नाही.

सहावी पायरी: आवाज

रेडिओच्या कार्यक्रमात आवाज वाईट असला तर बाकी सगळं फुकट. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन टाळी वाजवा. टाळी घुमत असेल तर मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा सतरंज्या लावा. सभागृहासाठीचा आवाज आणि रेकॉर्डिंगचा आवाज वेगळा ठेवा: मिक्सरमधून स्वतंत्र वाट काढून रेकॉर्डरला द्या, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या-हशासाठी दोन माइक बाजूला लावा. त्यांच्याशिवाय रेकॉर्डिंग मेल्यासारखं ऐकू येतं. दुसरा रेकॉर्डर नेहमी चालू ठेवा, मग तो मोबाइल का असेना.

थेट प्रसारण करणार असाल तर स्टुडिओत एक जबाबदार व्यक्ती बसवा, जिच्याकडे अर्ध्या तासाचा तयार कार्यक्रम असेल. सभागृहातून येणारी ओळ तुटली की दहा सेकंदांच्या आत तिने तो लावायचा. आणि पाहुण्यांना मंचावर जाण्याआधी सांगा की हे प्रसारित होत आहे, राजकीय भाषण चालणार नाही. प्रसारित झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, तेव्हा त्याची प्रत त्याच रात्री दुसऱ्या हार्डडिस्कवर घ्या.

सातवी पायरी: मागणं

इथे सगळे अडखळतात. संकोच वाटतो, आणि संकोचातून एकतर लाचार भाषा येते, नाहीतर मोठमोठे शब्द येतात. दोन्ही नकोत. काय मोडलंय, त्यामुळे श्रोत्याला काय ऐकू येत नाही, किती लागतील, कधीपर्यंत होईल. एवढंच सांगा. उदाहरणार्थ:

"नमस्कार. आपल्या स्टुडिओतल्या दोन माइकपैकी एक पावसाळ्यापासून खरखरतोय. बुधवारच्या आरोग्याच्या कार्यक्रमात डॉक्टरांचा आवाज मध्येच तुटतो, तो त्यामुळे. नवा माइक, स्टँड आणि केबल मिळून अठरा हजार रुपये लागतील. शंभर रुपये देणारे एकशे ऐंशी श्रोते मिळाले, तर पुढच्या महिन्यात माइक येईल. किती जण झाले ते आम्ही रोज संध्याकाळी सांगू."

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. रोज आकडा सांगा, कमी असला तरी. त्रेसष्टवर अडकलेला आकडा ऐकून कुणीतरी चौसष्टावा होतो. असं आवाहन आठवडाभर करा, वर्षभर नको. वेळ कुठली घ्यायची आणि मजकूर काय असेल, हे संस्थेकडून आधी लेखी मान्य करून घ्या.

देणाऱ्याला काय द्याल? चहाचे मग आणि टी-शर्ट यांवर खर्च करू नका. त्याच्या आईच्या वाढदिवसाला तिच्या आवडीचा कार्यक्रम पुन्हा लावा. स्टुडिओ दाखवायला बोलवा. नाव घेऊन आभार माना, पण आधी विचारून, कारण काहींना नाव नको असतं.

पैसे फक्त संस्थेच्या खात्यात. क्यूआर कोडही त्याच खात्याचा. कुणा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका, मग तो विद्यार्थी कितीही विश्वासू असो. यात त्याचंही रक्षण आहे. देणगीपेटी ठेवलीत तर ती कार्यक्रम संपताच तिघांसमोर उघडून, मोजून, सह्या घ्या. संस्थेला देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (८०जी) असेल तर देणगीदाराकडून पॅन क्रमांक घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर त्या देणगीवर करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे विचारणाऱ्याला स्पष्ट सांगा. आणि तिकीट किंवा जाहिरातीचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्यांच्या पावत्या वेगळ्या.

आठवी पायरी: नंतरचे पंधरा दिवस

कार्यक्रम झाला की टीम पांगते, परीक्षा येतात. तरी पंधरा दिवसांच्या आत तीन कामं उरका. पहिलं, जमाखर्च लेखा विभागाकडे द्या आणि त्याचा गोषवारा रेडिओवरून वाचून दाखवा: इतके आले, इतके सभागृहाला गेले, इतके उरले, त्यातून हे घेतलं. दुसरं, नवी वस्तू आली की तिचा आवाज ऐकवा. जुन्या माइकवरचं एक वाक्य आणि नव्यावरचं तेच वाक्य, एकामागून एक. श्रोत्याला आपले शंभर रुपये कुठे गेले ते कानांनी कळतं. तिसरं, जाहिरात देणाऱ्या दुकानदारांना जाऊन भेटा, पुढच्या वर्षाचं काही न मागता.

फाइल आताच करा. संहिता, परवानगी अर्जांच्या प्रती, कोणत्या कार्यालयात कोणत्या खिडकीवर काय विचारतात, ध्वनिव्यवस्थेवाल्याचा दर, कुठली मोठी वस्तू कुणाकडून उसनी मिळाली, काय चुकलं, कोणत्या दुकानदाराने 'पुढच्या वर्षी या' म्हटलं. एक छापील प्रत स्टुडिओच्या कपाटात, एक संस्थेच्या संगणकावर, स्वतःच्या ईमेलमध्ये नाही. आणि पहिल्या वर्षाच्या दोन मुलामुलींना यंदाच सोबत घ्या. अर्ज घेऊन पोलिस ठाण्यात जाताना, लेखा विभागात पावतीपुस्तक परत करताना, सुपात डाळ फिरवताना. पुढच्या ऑगस्टमध्ये सर किंवा मॅडम "यंदा काहीतरी करा" म्हणतील, तेव्हा त्या दोघांना निदान कपाटाची किल्ली कुठे आहे आणि पहिला अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा, एवढं माहीत असायला हवं.